तिपाईचा ढिला पाय

ज्या वस्तूचें काम वर्षांतून चार वेळां पडतें, तिची आठवण घरांत चारच वेळां होते, आणि तीही ऐन वेळीं. आमच्या माळ्यावर अशा वस्तूंची एक वसाहतच आहे. श्रावणांतला चौरंग, पाहुण्यांच्या गाद्या, गणपतीच्या मखराच्या पट्ट्या, आणि त्यांच्या शेजारीं जुन्या धोतराच्या पानांत गुंडाळून ठेवलेली कॅमेऱ्याची तिपाई. घरांतलीं मुलें तिला ट्रायपॉड म्हणतात, वडील माणसें स्टँड म्हणतात, व आमच्या मातुश्री 'तो तीन पायांचा' एवढेंच म्हणतात. या तीन पायांच्या प्राण्याचा एक पाय ढिला झाला तर काय होतें, तो ढिला कां होतो, आणि घरच्या घरीं घट्ट कसा करावा, हें या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे. विषय क्षुल्लक आहे असें वाचकांस प्रथमदर्शनीं वाटेल. आम्हांसही २०२२ सालच्या मार्गशीर्षापर्यंत तसेंच वाटत होतें.

त्या महिन्यांत आमच्या मातुश्रींचें सहस्रचंद्रदर्शन झालें. वय एक्याऐंशी. नागपूर, इंदूर, बडोदें येथून झाडून सारे नातलग आले होते. आमची धाकटी बहीण टोरांटोहून सात वर्षांनीं आली होती. आणि गुडघ्यांच्या दुखण्यामुळें घराबाहेर पाऊल न टाकणाऱ्या आमच्या थोरल्या आत्याबाईही चाकांच्या खुर्चीवर बसून आल्या होत्या. एकंदर एकतीस माणसें. सायंकाळीं एक्याऐंशी दिव्यांनीं ओवाळणें झालें, आणि दिव्यांचें तें तबक मातुश्रींच्या पुढ्यांत ठेवून सर्वांचें एकत्र छायाचित्र घ्यावें असें ठरलें. आमचा थोरला पुतण्या या कामांत वाकबगार आहे. दिव्यांचा उजेड चित्रांत जसाच्या तसा उतरावा म्हणून त्यानें विजेचे दिवे मालवले, फ्लॅश लावला नाहीं, व कॅमेऱ्याचा पडदा अर्धा सेकंद उघडा राहील अशी योजना केली. तिपाई डगमगूं नये म्हणून तिच्या मधल्या दांड्याच्या आंकड्यास कॅमेऱ्याची भरलेली बॅग टांगली. जाणते छायाचित्रकार असेंच करतात. मग दहा सेकंदांचा टायमर लावून तो धांवत येऊन आपल्या आईमागें उभा राहिला. असें तीन वेळां झालें. तिन्ही वेळां सर्वजण श्वास रोधून बसले. "झालं!" असें त्यानें म्हणतांच मंडळी पानांवर बसली, आणि रात्रींच्या गाड्यांनीं निम्मीं माणसें परतलींसुद्धां.

दुसरे दिवशीं संगणकाच्या पडद्यावर तीं चित्रें मोठीं करून पाहिलीं, तों एकही चेहरा धड नव्हता. एक्याऐंशी ज्योतींच्या एक्याऐंशी तिरप्या रेघा झाल्या होत्या. मातुश्रींस चार डोळे होते. माणसें हललीं असतीं तर एकाचा चेहरा पुसट झाला असता आणि दुसऱ्याचा स्वच्छ राहिला असता. येथें मागच्या भिंतीवरचें घड्याळसुद्धां त्याच दिशेनें पुसलें गेलें होतें. म्हणजे हलला होता तो कॅमेराच. दिवाणखान्यांत तिपाई अजून तशीच उभी होती. जवळ जाऊन पाहिलें, तेव्हां तिचा पुढचा एक पाय इतर दोहोंपेक्षां चांगला दोन बोटें आंखूड झालेला दिसला.

आमच्या बंधूंनीं मुलाला सर्वांदेखत फैलावर घेतलें. "ती बॅग कशाला टांगलीस? पाय आवळून पाहिले होतेस का? आत्याबाई काय पुन्हां येणार आहेत?" आम्हींही दोन शब्द सुनावले. मुलगा एवढेंच म्हणाला, "काका, मी तिन्ही पाय आवळले होते." आवळले होते तर सरकले कसे, असा तर्कशुद्ध प्रश्न आम्हीं त्यास केला. त्या प्रश्नाचें उत्तर पुढें चार दिवसांनीं आमच्याच हातीं लागलें. तें सांगण्यापूर्वीं पाय म्हणजे काय प्रकरण आहे तें सांगणें अवश्य आहे.

चार पायांचें टेबल उंचसखल फरशीवर डुगडुगतें. तीन पायांची वस्तु कोठेंही ठेवा, डुगडुगत नाहीं. कारण कोणत्याही तीन बिंदूंतून एक पातळी जातेच. भूमितीच्या या देणगीची किंमत अशी कीं, तिघांपैकीं एकानें दगा दिला तर सांवरावयास चौथा नसतो. आणि दगा मोठा असावा लागत नाहीं. एका पायाच्या टोंकापासून दुसऱ्या दोन पायांच्या टोंकांस जोडणाऱ्या रेषेपर्यंतचें अंतर ८० सेंटिमीटर धरूं. हा पाय पडदा उघडा असतांना दोनच मिलिमीटर खचला, तर कॅमेरा चारशेंत एक या प्रमाणानें कलेल. आणि पांच मीटर अंतरावर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर तोच कल साडेबारा मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच होईल. माणसाचा उघडा डोळा रुंदीला साधारण सव्वा इंच असतो. चार डोळ्यांचें कोडें येथें सुटतें.

छायाचित्रण जन्मलें तेंच मुळीं तिपाईवर. १८३९ सालीं पॅरिसमध्यें दागेर याची कृति जाहीर झाली, तेव्हां एका चित्रास कित्येक मिनिटें लागत, व तितका वेळ यंत्र हातीं धरणें माणसास शक्य नव्हतें. मुंबईंत १८५४ सालीं छायाचित्रकारांची सोसायटी स्थापन झाली. त्या काळच्या मंडळींच्या सामानांत कांचांच्या पेट्यांइतकेंच महत्त्व लांकडी घोडीला असे. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं वाटाण्याचा दाणा रुजून त्याचा वेल कसा वाढतो याचें चित्रण केलें. रोज थोडें थोडें चित्र घ्यावयाचें, आणि कॅमेरा मात्र जागचा हलूं द्यावयाचा नाहीं, असें तें काम होतें. त्या दिवसांत यंत्राचा एक पाय रोज केंसभर जरी खालीं सरकला असता, तरी पडद्यावर वेलाऐवजीं कुंडीच चालूं लागली असती. चित्रपटाच्या इतिहासांत घोडीच्या पायांबद्दल कोणी लिहीत नाहीं, हा आमच्या मतें थोडा अन्यायच आहे.

जुन्या लांकडी घोडीचें पाय पितळी फिरकीनें आवळीत. लांकूड पावसाळ्यांत फुगून अडे आणि उन्हाळ्यांत आकसून ढिलें पडे. परंतु दोष डोळ्यांना दिसे व बोटांना कळे. हल्लींचे पाय ॲल्युमिनियमच्या किंवा कार्बनच्या धाग्यांच्या नळ्यांचे असतात. कार्बनच्या नळ्यांची तिपाई फ्रान्समधील गित्झो या जुन्या कारखान्यानें १९९४ सालीं बाजारांत आणली, व तेव्हांपासून हलकेपणा हाच तिपाईचा मोठा गुण मानला जाऊं लागला. जाड नळींत बारीक, तींत आणखी बारीक, अशा तीन किंवा चार नळ्या एका पायांत असतात आणि दुर्बिणीप्रमाणें ओढल्या असतां लांब होतात. जेथें एक नळी संपून दुसरी बाहेर येते, तेथें एक पकड असते. सारें रहस्य या पकडींत आहे.

या पकडींत दांते नाहींत, खांचा नाहींत, खिळाही नाहीं. पाय हव्या त्या उंचीवर थांबवतां यावा म्हणून तेथें केवळ घर्षणावर काम भागविलेलें असतें. बाहेरून दाब द्यावयाचा आणि आंतल्या नळीनें त्या दाबाखालीं जागच्या जागीं रहावयाचें. अर्थात् पाय सरकूं लागला म्हणजे दोनच कारणें संभवतात: एक तर दाब कमी पडतो, किंवा दाब पुरेसा असून पृष्ठभाग निसरडा झालेला असतो. बहुतेक लोक पहिलें कारण गृहीत धरतात व पकड जीव खाऊन आवळतात. दुसरें कारण असतां तसें केल्यानें पकड फुटते, आणि पाय सरकावयाचा तो सरकतोच.

पकडीचे मुख्य प्रकार दोन. एक खटक्याची, दुसरी पिळाची. आमची तिपाई पिळाची असल्यामुळें तिचेंच वर्णन आधीं करतों. नळीच्या तोंडाशीं रबराचें वेष्टण असलेलें एक कडें असतें. तें फिरवून सैल व घट्ट करतां येतें. कड्याच्या आंत आटे असतात, व त्याच्या पोटांत प्लॅस्टिकचा, एका बाजूनें चिरलेला, किंचित् निमुळता बुश बसविलेला असतो. कडें आवळलें कीं हा निमुळता बुश वर ढकलला जातो, त्याची चीर मिटते, आणि पेन्सिलीभोंवतीं मूठ आवळावी तसा तो आंतल्या नळीभोंवतीं आवळला जातो. याशिवाय आंतल्या नळीच्या वरच्या टोंकास प्लॅस्टिकच्या दोन अर्धगोल पट्ट्या असतात. त्यांच्या पाठीवरचे बारीक उंचवटे नळीच्या भोंकांत बसतात; नळी वांकडी होऊं न देणें व ती ओढतां ओढतां अजिबात बाहेर निघूं न देणें हें त्यांचें काम.

चार दिवसांनीं एका दुपारीं आम्हीं वर्तमानपत्र अंथरून त्यावर तो दोषी पाय उघडला. पुतण्या महाविद्यालयांत गेला होता. कडें पूर्ण फिरवून नळी हलकेच खालीं ओढली, तों दोन अर्धगोल पट्ट्या टणकन् बाहेर पडून एक सोफ्याखालीं गेली. ती शोधण्यांत दहा मिनिटें गेलीं. बुश बाहेर काढला. त्याच्यावर काजळासारखा एक लेप होता. बोटांवर घेऊन चोळला तों बारीक रेती लागली. आणि मग वास आला. तो वास ओळखण्यास आम्हांस क्षणाचाही विलंब लागला नाहीं. तो शिवणयंत्राच्या तेलाचा वास होता.

दिवाळीनंतर मुलें गुहागरास जाऊन आलीं होतीं. समुद्रावर तिपाई रेतींत रोवली होती, लाटांत उभी केली होती, आणि परतल्यावर ती तशीच माळ्यावर गेली होती. सहस्रचंद्राच्या आठ दिवस आधीं ती खालीं काढली, तेव्हां तिचीं कडीं कुरकुरत होतीं व जड फिरत होतीं. घरांतील कुरकुरणाऱ्या प्रत्येक वस्तूवर आमचा एकच उपाय असतो. वहिनींच्या शिवणयंत्राजवळची तेलाची कुपी आणून आम्हीं पहिल्या पायाच्या कड्यांत चार चार थेंब सोडले. कडें लोण्यासारखें फिरूं लागलें. दुसऱ्या पायाकडे वळणार तोंच दारावरची घंटा वाजली, आणि उरलेले दोन पाय राहून गेले. त्या दिवशीं कोण आलें होतें तें आतां आठवत नाहीं. पण तो गृहस्थ आला नसता तर तिन्ही पाय खचून कॅमेराच दिव्यांच्या तबकांत आला असता.

तेलानें कडें सुलभ फिरलें तें खरें. परंतु तेंच तेल आंत झिरपून बुश व नळी यांच्या मध्यें गेलें, जेथें घर्षणावांचून दुसरा आधारच नव्हता. शिवाय तेलानें रेती धरून ठेविली. मुलानें पाय आवळला होता, आणि चांगला आवळला होता. हातांनीं दाबून पाहतां तो टिकलाही असेल. बॅगेचें वजन पडल्यावर तो हळूहळू खचूं लागला. बॅग टांगण्यांत चूक नव्हती. निसरड्या पायाला तेवढें निमित्त पुरलें.

बोल सर्वांदेखत लावला होता, म्हणून त्या रात्रीं जेवतांना कबुलीही सर्वांदेखत दिली. बंधु कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं मुलाच्या पानांत आपल्या हातानें तूप वाढलें. मुलगा मान खालीं घालून म्हणाला, "काका, मला दुसऱ्याच दिवशीं कळलं होतं. तो पाय मिटतांना हाताला वास आला." मग बोलला कां नाहींस, असें विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

आतां कृति सांगतों. पिळाची तिपाई साफ करतांना तिन्ही पाय एकदम उघडूं नयेत. एक उघडावा, जोडावा, मग दुसरा. म्हणजे कोणता भाग कोठें व कोणत्या बाजूनें बसतो याचा नमुना शेजारच्या पायांत सदैव तयार असतो. सुरवात सर्वांत खालच्या, बारीक नळीपासून करावी, कारण माती व रेती तेथेंच अधिक शिरते. उघडतांना पाय परातींत धरावा. पट्ट्या उडाल्या तरी परातींतच पडतात. हल्लीं फोन सर्वांजवळ असतो, त्यानें प्रत्येक पायरीचें एक चित्र घेऊन ठेविल्यास जोडतांना वाद होत नाहींत.

काढलेले प्लॅस्टिकचे भाग व कड्यांचे आटे कोंबट पाण्यांत भांडीं घासण्याचा साबण थोडा कालवून टाकाऊ दांतांच्या ब्रशानें घासावे. आटे फिरत्या दिशेनें घासले म्हणजे रेती खांचेंतून बाहेर येते. आंतल्या नळ्या ओल्या फडक्यानें व नंतर कोरड्यानें पुसाव्या. तेल लागलें असेल तर साबणाच्या एका हातानें तें जात नाहीं. फडकें पुनः पुन्हां पालटावें, आणि शेवटीं स्पिरिटाचा बोळा नळीवरून व बुशाच्या आंतल्या अंगावरून फिरवावा. फडक्यावर काळें येणें थांबेपर्यंत थांबूं नये. आम्हांस हें पांच वेळां करावें लागलें. त्यानंतर सारें सावलींत रात्रभर वाळूं द्यावें. उन्हांत ठेवण्याची घाई नको. प्लॅस्टिक तापून वांकडें झाल्यास नवीन दुखणें उभें राहतें.

वंगणाच्या बाबतींत आमचें मत आतां फार कडक झालें आहे. कड्याच्या आट्यांवर, आणि फक्त आट्यांवर, सिलिकॉन ग्रीस मसुरीच्या दाण्याएवढें घेऊन बोटानें पसरावें. जादा राहील तें पुसून टाकावें. नळीवर, बुशावर, अर्धगोल पट्ट्यांवर कांहींही लावूं नये. शिवणयंत्राचें तेल नको. गंज सोडविण्याचा फवारा नको. तो जुनें वंगण धुऊन काढतो व आपण मागें ओशट थर ठेवतो. खोबरेल तर नकोच नको. तें पुण्याच्या थंडींत थिजतें, उन्हाळ्यांत पाझरतें, व कांहीं दिवसांनीं खवट होतें. मातुश्रींनीं तें सुचविलें होतें म्हणून मुद्दाम लिहावें लागत आहे.

जोडतांना आधीं कडें नळींत सरकवावें, मग बुश, आणि शेवटीं वरच्या टोंकास दोन पट्ट्या, उंचवटे भोंकांत नीट बसवून. पट्ट्या बोटांनीं दाबून धरून नळी आंत ढकलावी. कांहीं तिपायांत नळी स्वतःभोंवतीं फिरूं नये म्हणून आंत लांब खांच असते. तेथें पट्टीची कड खांचेसमोर आणल्याशिवाय नळी आंत जात नाहीं, व जात नाहीं म्हणून ठोकूं नये. कडें हातानेंच फिरवावें. पहिला आटा तिरपा धरला तर तो पुढें कधींच सरळ होत नाहीं. म्हणून आधीं अर्धा फेरा उलट फिरवून आटा 'बसल्याचा' बारीक धक्का बोटांना लागला म्हणजे मगच सुलट फिरवावें. बरणीचें झांकण लावणाऱ्या प्रत्येक गृहिणीस ही युक्ति ठाऊक असते.

इतकें करूनही पाय सरकला, तर बुश झिजला असें समजावें. झिजलेला बुश आंतून कांचेसारखा चकचकीत दिसतो. पुष्कळ कारखाने हे भाग सुटे विकतात, व त्यांची किंमत तिपाईच्या मानानें नगण्य असते. तो येईपर्यंत बुशाच्या बाहेरच्या अंगास पातळ कागदी चिकटपट्टीचा एक वेढा दिल्यास दाब थोडा वाढून काम निभतें. ही मलमपट्टी आहे, औषध नव्हे.

खटक्याच्या पकडीचें प्रकरण सोपें आहे. तेथें चिरलेला पट्टा नळीभोंवतीं असतो आणि खटका मिटला कीं त्याच्या मुळाशीं असलेला फुगीर भाग पट्ट्याचीं दोन्हीं टोंकें जवळ ओढतो. वापरानें पट्टा सैल पडतो. पट्ट्याच्या एका अंगास नट किंवा षट्कोनी भोंकाचा स्क्रू असतो. खटका उघडा ठेवून योग्य त्या पान्ह्यानें किंवा ॲलन-कीनें तो फेऱ्याचा चौथा हिस्सा आवळावा, खटका मिटून पहावा, आणि लागल्यास पुन्हां तितकाच आवळावा. कांहीं तिपायांबरोबर यासाठीं लहानसा पान्हा मिळतो व तो पहिल्याच महिन्यांत हरवतो. खटका अंगठ्याच्या मध्यम जोरानें मिटला पाहिजे. दोन्ही हातांचा जोर लागत असेल तर नट फार आवळला गेला. असा खटका एक दिवस मुळाशींच तुटेल. नट शेवटपर्यंत आवळूनही पाय सरकत असल्यास येथेंही आधीं साबण आणि स्पिरिट, मग नवा पट्टा. आणि कधीं कधीं नळी पट्ट्यांत घट्ट असते, पण पट्टाच वरच्या नळीवरून निसटलेला असतो. तेथें जुना गोंद खरवडून अॅराल्डाईट लावावें व चोवीस तास त्यास हात लावूं नये.

पाय वर जेथें माथ्यास जोडलेला असतो तेथील बिजागरीचा बोल्टही सैल पडतो. तिपाई उचलल्यावर पाय लोंबकळूं लागले तर तो आवळावा. पाय अर्धा उघडून सोडला असतां तेथेंच थांबला म्हणजे पुरे.

दुरुस्ती झाली कीं परीक्षा. प्रत्येक पकडीच्या अगदीं खालीं, नळीवर, कागदी चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावावा. मग एकेका पायावर हातानें भार देऊन पहावा, आणि शेवटीं माथ्यावर किंवा मधल्या आंकड्यास कॅमेऱ्याच्या दुप्पट वजनाची पिशवी टांगून तिपाई तासभर तशीच सोडावी. आम्हीं तांदुळाची पांच किलोंची पिशवी टांगली होती. पकडीची कड कागदावर चढलेली दिसली तर तो पाय पुन्हां उघडावा. डोळ्यांनीं न दिसणारी घसरण या कागदास दिसते.

समुद्राविषयीं दोन शब्द. एरवीं तिपाई उंच करतांना जाड नळ्या आधीं ओढाव्या, कारण त्या अधिक ताठ असतात. पाण्यांत किंवा रेतींत उभी करावयाची असेल तर मात्र उलट करावें. सर्वांत खालची बारीक नळी पूर्ण ओढावी, म्हणजे तिची पकड पाण्याच्या वर राहते. मुक्कामावर परततांच, त्याच सायंकाळीं, सर्व नळ्या ओढून, पकडी सैल करून, गोड्या पाण्याखालीं धुवाव्या व लांब केलेल्या स्थितींतच वाळवाव्या. ओली तिपाई मिटून ठेवणें म्हणजे खारें पाणी कोंडून ठेवणें. ॲल्युमिनियमवर त्यानें पांढरी भुकटी येते. आणि कार्बनची नळी व ॲल्युमिनियमचें कडें यांच्या मध्यें खारें पाणी राहिलें तर विद्युत्-घटासारखी क्रिया होऊन कडें अधिकच लवकर खाल्लें जातें. गुहागरच्या विहिरीचें दोन बादल्या पाणी त्या दिवशीं खर्चलें असतें, तर हा लेख लिहिण्याचा प्रसंग आला नसता.

२०२३ च्या अक्षय्यतृतीयेस पुन्हां चित्र घेतलें. एकोणीस माणसें होतीं. आत्याबाई माघांत गेल्या. टोरांटोची बहीण रजा नसल्यामुळें येऊं शकली नाहीं. पुतण्यानें तिन्ही पाय आवळले, कागदाचे तुकडे पाहिले, बॅग टांगली, आणि टायमर लावण्यापूर्वीं आमच्याकडे वळून म्हणाला, "काका, एकदां तुम्ही पाहून घ्या." आम्हीं गुडघे टेकून एकेक तुकडा पाहिला. तबकांत दिवे पुन्हां एक्याऐंशीच लावले होते; मातुश्रींनीं तसा आग्रह धरला. चित्र चांगलें आलें आहे. मागचें घड्याळ सात वाजून वीस मिनिटें दाखवितें, आणि त्याचे आंकडे वाचतां येतात.

तिपाई आतां माळ्यावर नसते, दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत असते. शिवणयंत्राच्या तेलाची कुपी वहिनींनीं यंत्राच्या खणांत कुलुपांत ठेविली आहे, व किल्ली मागितली तर कशासाठीं हवी असें आधीं विचारतात.